‘काय फवारू?’ या प्रश्नाच्या आधी

गच्चीवरच्या कुंडीत टोमॅटो धरतो, लिंबाएवढा होतो, आणि एके दिवशी त्याच्या बुडाशी पाणचट डाग दिसतो. चार-पाच दिवसांत तो डाग काळा पडतो, खोलगट होतो, हाताला चामड्यासारखा लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, बुरशी लागली. बुरशीनाशकाची पुडी आणली जाते, दोनदा फवारणी होते. पहिले आठ-दहा टोमॅटो तरीही जातात, पण पुढच्या घोसातले चांगले निघतात. औषध लागू पडलं, अशी समजूत पक्की होते आणि पुढच्या वर्षी डाग दिसताच पुन्हा तीच पुडी येते. प्रत्यक्षात या डागाची सुरुवात बुरशीमुळे होतच नाही. मेलेल्या, काळ्या पडलेल्या भागावर बुरशी मागाहून चढते एवढंच. मूळ कारण असं, की फळ भराभर फुगत असताना त्याच्या टोकाकडच्या पेशींना पुरेसं कॅल्शियम मिळालेलं नसतं. त्यामुळे पेशींच्या भिंती कच्च्या राहतात आणि तो भाग कोसळतो.

मग कॅल्शियम घालावं, असा विचार मनात येतो. अंड्यांची टरफलं कुटून कुंडीत टाकण्याचा सल्ला त्यातूनच निघालेला आहे. पण कॅल्शियम मातीत असणं आणि ते फळाच्या टोकापर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडची काळी माती बहुधा चुनखडीची असते. कॅल्शियमचा तुटवडा तिच्यात क्वचितच असतो. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम वर चढतं ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि हा प्रवाह जिथून बाष्प जास्त उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे, ओढला जातो. टोमॅटोच्या गुळगुळीत सालीतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे फळाच्या वाट्याला हा प्रवाह कमीच येतो. त्यात कुंडी दोन दिवस कोरडी राहिली आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं, तर प्रवाह खंडित होतो आणि देठापासून सर्वांत लांब असलेलं बूड उपाशी राहतं. टरफलं तर मातीत विरघळायलाच कित्येक महिने घेतात. पुढचा घोस चांगला निघतो, कारण तोवर मुळं कुंडीभर पसरलेली असतात आणि झाडाची सुरुवातीची धावपळ संपून त्याची वाढ स्थिरावलेली असते. झाड आपोआप सावरत असताना मध्ये जे केलं, त्याला श्रेय मिळून गेलं.

हे उदाहरण मुद्दाम आधी घेतलं, कारण घरच्या भाजीच्या बागेतल्या बहुतेक संकटांची जातकुळी हीच आहे. डाग फळावर दिसतो आणि चूक पाणी घालण्याच्या सवयीत असते. म्हणून या प्रकरणाचं म्हणणं असं, की ‘काय फवारू?’ हा प्रश्न बागेत सर्वांत आधी विचारला जातो, तो सर्वांत शेवटी यायला हवा. त्याआधी पाणी, मग ऊन, मग हंगाम, आणि हे तिन्ही तपासून झाल्यावर कीड आणि रोग. हा क्रम लहरीने लावलेला नाही. शेतातल्या झाडाची मुळं पाणी शोधत खोल जातात, आजूबाजूला पसरतात. दहा-पंधरा लिटर मातीत अडकलेल्या झाडाला ती मोकळीक नाही. कधी किती पाणी, किती तास ऊन, कोणत्या महिन्यात लागवड, हे सगळं माणसाने ठरवलेलं असतं, आणि जिथे निर्णय माणसाचा तिथे चुकीची शक्यताही सर्वांत जास्त. शिवाय पाणी, ऊन आणि हंगाम तपासायला पैसे लागत नाहीत आणि त्यातून नुकसान होत नाही. फवारणीने मात्र परिस्थितीत आणखी एक बदल होतो आणि मूळ कारण शोधणं अवघड होऊन बसतं.

पाण्यापासूनच सुरुवात करू. झाड मान टाकतं तेव्हा ते तहानलेलं आहे असं मानून पाणी घातलं जातं. पण मान टाकण्याची दोन अगदी उलट कारणं असू शकतात. माती कोरडी असेल तर मुळांना पाणी मिळत नाही. माती सतत चिंब असेल तर मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, कुजतात आणि पाण्यात उभी असूनही पाणी ओढू शकत नाहीत. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की मुळाशी काय होत असेल, हे एवढ्या आकड्यावरून कळावं. दोन्ही वेळा वरून दिसणारं लक्षण एकच. गुदमरलेल्या झाडाला तहानलेलं समजून आणखी पाणी घालणं, ही घरच्या बागेत झाडं मरण्याची सर्वांत नेहमीची रीत आहे, आणि त्यात हयगय नसते, मायाच असते. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहिलं की फरक लगेच समजतो. वेळही पाहावी. भर दुपारी दुधी-भोपळ्याची मोठी पानं लोंबणं आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होणं यात काही बिघाड नाही. उन्हात पानांतून पाणी जितकं उडतं तितकं मुळं त्या घटकेला पुरवू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी सहा वाजता, ओल्या मातीत, झाड मान टाकून उभं असेल तर मात्र दुखणं मुळाचं. अशा वेळी कुंडीखालची ताटली काढावी, भोक बुजलंय का ते पाहावं आणि पाणी थांबवावं. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समजही सोडायला हरकत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते सीमेवरच अडून राहतं. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरते. निचरा सुधारायचा तर तो वरच्या मातीतच सुधारावा लागतो.

पाणी योग्य असूनही टोमॅटो किंवा वांग्याचं हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत एकाएकी कोमेजलं, तर जिवाणूजन्य मर रोगाची शंका घ्यावी. त्याची परीक्षा घरात करता येते. जमिनीलगतचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगून धरायचा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखी पांढरट धार खाली उतरताना दिसली, तर निदान झालं. या रोगावर फवारणीचा उपयोग नाही. झाड मातीसकट काढावं लागतं आणि त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काही लावायचं नाही.

पानांचा पिवळेपणाही असाच वाचता येतो. फक्त पिवळं कोणतं पान पडलंय, जुनं की नवं, हे पाहायचं. नत्र झाडात फिरतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्या शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही, त्यामुळे लोहाची कमतरता नव्या पानांत दिसते: शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांत हे दृश्य नेहमीचं आहे. क्षारयुक्त पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते आणि तिच्यातलं लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरच्या बागेला विशेष लागू आहे. सुका पालापाचोळा, उसाचं चिपाड किंवा लाकडाचा भुसा न कुजवता कुंडीत भरला, की तो कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतलं नत्र आधी उचलतात आणि झाड काही आठवडे उपाशी राहतं. पुढे ते नत्र मोकळं होतं. चिपाड आणि पालापाचोळ्यावर गच्चीतली बाग उत्तम होऊ शकते, पण ते कुजलेलं असावं; हाताला गरम लागणारं, आंबूस वास येणारं खत अजून तयार झालेलं नाही.

उन्हाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, कारण आपल्या देशात ऊन मुबलक आहे असं आपल्याला वाटतं. देशात आहे, गॅलरीत ते असेलच असं नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलवर्गीय भाज्या यांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांवर तग धरतात. आता पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश उत्तर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. मे महिन्याच्या मध्याला तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली दिवसभर राहते. जानेवारीत टोमॅटोने लगडलेली हीच गॅलरी जूनमध्ये भेंडीला जगवू शकत नाही. झाड उंच, किरकोळ वाढतं, दोन पेरांतलं अंतर लांबतं, फुलं गळतात, मग त्याच अशक्त झाडावर मावा चढतो आणि दोष माव्याला दिला जातो. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या कामात शेतीकडे पाहिलं ते सूर्यप्रकाश अन्नात बदलण्याची क्रिया म्हणून, आणि पानांवर किती प्रकाश पडतो याच्या हिशोबाला त्यांनी फार महत्त्व दिलं. शहरातल्या बागेला हा विचार शेतापेक्षाही जास्त गरजेचा आहे. तीन-तीन महिन्यांनी एकदा, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला कोणत्या कुंडीवर ऊन आहे हे कागदावर मांडावं. वर्षातून चार दिवस एवढं केलं, की कुठे काय लावायचं याचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

हंगामाचं ज्ञान तर आपल्या घरांत होतंच. मृगाचा पाऊस पडला की परसात दोडका, काकडी, भोपळा, कारल्याच्या बिया टोचायच्या. मेथी, पालक, कोथिंबिरीचा जोर थंडीतला. हा क्रम पिढ्यांनी घालून दिला. बाजारात बारा महिने सगळी भाजी मिळू लागली आणि बियांच्या पाकिटांवर सुंदर चित्रं आली, तसा तो विसरला गेला. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात, त्यावर फुलगळीचं संजीवक फवारलं जातं. पण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उष्ण, अशा हवेत टोमॅटोचे परागकणच निकामी होतात. वर ४० टक्क्यांची हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी विभागून दिलं, तर झाड तगेल; पण फळांची अपेक्षा हवा उतरेपर्यंत करू नये. उन्हाळ्यात कोथिंबीर भराभर फुलावर येते, तोही रोग नाही. दिवस मोठा आणि गरम झाला की ती बी धरायच्या घाईला लागते.

फुलं आहेत आणि फळ नाही, या तक्रारीला आणखी एक कारण असतं, आणि ते फुलाच्या घड्याळात सापडतं. वेलवर्गीय भाज्यांत नरफुलं आणि मादीफुलं वेगळी असतात. सुरुवातीची फुलं बहुधा नरच असतात, ती गळणारच. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, त्यावरून ते ओळखू येतं. अति नत्र आणि तीव्र उष्णता यांनी नरफुलांचं प्रमाण वाढतं. मादीफुलं येऊनही मागचं फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्यांचं काम करतात. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळी उघडतात, कारण त्यांचे पाहुणे रात्रीचे पतंग. दोडक्याची फुलं पिवळी असूनही संध्याकाळचीच. सातव्या मजल्यावरच्या दुधीला सकाळी हाताने परागीभवन करूनही फळ का धरत नाही, याचं उत्तर एवढंच, की तोवर फूल मिटायला आलेलं असतं. दिवेलागणीला नरफूल खुडून त्याचा केसर मादीफुलाच्या मध्यावर अलगद टेकवला, तर काम होतं.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, की हे सगळं खरं, पण कीडही खरीच असते. वांग्यात अळी निघते, मिरचीचा बोकड्या होतो, भेंडीची पानं पिवळी होतात, त्याचं काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. पण त्यात आधी एक भेद करावा लागतो. पुष्कळदा कीड हे कारण नसून परिणाम असतो. नत्राचा मारा झालेल्या कोवळ्या, रसरशीत शेंड्यांवर मावा जास्त वाढतो. कोरड्या, तापलेल्या, धुळीने माखलेल्या पानांवर लाल कोळी फोफावतो आणि पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्म्याहून कमी होतो. मावा आणि पिठ्या ढेकणाच्या चिकट गोड पाझरासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात; तिथे मुंग्यांची वाट अडवणं हाच उपाय. मिरचीचा बोकड्या म्हणजेही एक रोग नव्हे. पानं होडीसारखी वर वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी, आणि शेंडा आखडून झाड खुजं राहिलं असेल तर बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. तिघांवर एकच बाटली चालत नाही. भिंग घेऊन पानाची खालची बाजू पाहिल्याशिवाय हे कळणार नाही.

दुसरा प्रश्न असा, की किती किडी म्हणजे संकट? १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार कीटकशास्त्रज्ञ, स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन, यांनी एक कल्पना मांडली, जी पुढे जगभरच्या पीकसंरक्षणाचा पाया झाली. कीड दिसली म्हणजे औषध मारायचं, असं नाही. तिच्यामुळे होणारं नुकसान औषधाच्या खर्चापेक्षा जास्त होण्याच्या बेतात असेल तेव्हाच मारायचं. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ येते ती हीच. आता ही फूटपट्टी घरच्या बागेला लावून पाहावी. शेतकऱ्याच्या एकरभर वांग्यांत दर दहांतलं एक फळ किडलं तरी बाजारात भाव पडतो, कर्जाचा हप्ता अडतो. घरी दहांतलं एक वांगं किडलं तर ते चिरताना बाजूला होतं. पानांचा पाचवा हिस्सा अळीने खाल्ला, तरी बहुतेक भाज्यांच्या फळांवर फारसा परिणाम होत नाही. झाडाला गरजेपेक्षा जास्त पानं असतात. भोकं पडलेला पालक शिजल्यावर तसाच लागतो. म्हणजे औषध मारण्याची पातळी घरच्या बागेत शेतापेक्षा कितीतरी वर असायला हवी, आणि प्रत्यक्षात आपण ती शून्यावर आणून ठेवली आहे.

औषध मारून निदान तोटा तर होत नाही ना, असं वाटेल. होतो. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांवर जितकी कीटकनाशकं मारली तितके तुडतुडे वाढत गेले, कारण फवाऱ्याने त्यांना खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मेले. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली आणि भाताचं उत्पादन घटलं नाही. आपल्या देशातलं उदाहरण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं आहे. मध्य अमेरिकेकडचा हा परदेशी कीटक २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळला आणि पपईपासून तुतीपर्यंत पसरला. फवारण्यांना तो दाद देईना. २०१० मध्ये त्याचा मूळ शत्रू, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा एक परोपजीवी कीटक, पोर्टो रिकोहून आणून सोडला आणि त्याने ही कीड आटोक्यात आणली. गच्चीवर हे मित्र कुठून येणार, असा प्रश्न विचारला जातो. मावा ज्या वाऱ्यावर येतो त्याच वाऱ्यावर तेही येतात, फक्त आठवडा-दीड आठवडा उशिरा. शेपू, कोथिंबीर, मोहरीची दोन झाडं फुलावर सोडली तर त्यांच्या परागावर आणि मधावर ते टिकतात. अडचण एवढीच, की लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी त्या गोंडस, ठिपक्यांच्या किड्यासारखी अजिबात दिसत नाही. ती काळपट, काटेरी, लांबट असते, आणि माव्याने भरलेल्या पानावर तीच सर्वांत भीतिदायक दिसते म्हणून आधी तिलाच चिरडलं जातं. ही एक अळी ओळखायला शिकणं बागेसाठी बाटलीभर औषधापेक्षा मोलाचं आहे.

वाट पाहावी, असा याचा सरसकट अर्थ मात्र नाही. काही दुखण्यांत वाट पाहणं महागात पडतं. भेंडीच्या पानांच्या शिरांचं पिवळं जाळं दिसलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर कोणतंही औषध नाही, जैविकही नाही आणि रासायनिकही नाही. झाड त्याच दिवशी उपटायचं, कारण ते उभं आहे तोवर माशी तिथून विषाणू घेऊन शेजारच्या झाडावर जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीच्या संकरातून ‘परभणी क्रांती’ हे वाण काढलं ते याच रोगासाठी. कालांतराने अशा वाणांची ताकद काही भागांत कमी झाली, तरी बी घेताना रोगप्रतिकारक वाण मागणं हा आजही पहिला उपाय आहे. वांग्याचा एखादा शेंडा दुपारी एकटाच कोमेजलेला दिसला तर आत अळी आहे. शेंडा दोन बोटं खाली चिरून अळीसकट नष्ट करायचा, कारण तीच पिढी पुढे फळात शिरते. काकडी, कारलं, दोडक्यावर फळमाशी येते. फळ बोटाएवढं असतानाच त्याला कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी बांधली की ती अंडी घालू शकत नाही, आणि गळालेली किडकी फळं कुंडीतच कुजू दिली तर तिची पुढची पिढी तिथेच तयार होते. गोगलगायी रात्री ओल्या गोणपाटाखाली जमतात, सकाळी वेचाव्या लागतात. या सगळ्यांत वेग लागतो, पण तो हाताचा, कात्रीचा आणि पिशवीचा.

शेतकरी फवारतातच की, मग आपण का नाही, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याला एक साधं उत्तर आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं. भेंडी दर एक-दोन दिवसांनी तोडावी लागते, नाहीतर जून होते. घरच्या बागेत तर लागेल तेव्हा खुडलं जातं. हा प्रतीक्षाकाळ घरी पाळला जाणं जवळपास अशक्य आहे. शिवाय गच्चीवर मुलं खेळतात, कपडे वाळतात, खालच्या मजल्यावर खिडक्या उघड्या असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्यांची रोजीरोटी त्यावर आहे त्यांनाही जे सुरक्षित हाताळता आलं नाही, ते पाव किलो मिरचीसाठी घरात आणू नये, असं मला ठामपणे वाटतं.

‘घरगुती’ किंवा ‘नैसर्गिक’ हा शब्दही अभय देत नाही. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन हे जहाल विष आहे, आणि तंबाखूच्या वाळलेल्या पानात टिकून राहणारा मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. साबणाचं पाणी किडीच्या अंगावर प्रत्यक्ष पडलं तरच काम करतं आणि भर उन्हात मारलं तर पानं करपवतं. निंबोळी अर्क खरोखर उपयोगी आहे: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून. पण त्याचा गुण असा, की कीड त्याने लगेच मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं, आणि हे दिसायला काही दिवस जातात. उन्हात त्यातला प्रभावी घटक नष्ट होतो, म्हणून तो संध्याकाळी मारायचा. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून नीम निरुपयोगी ठरवणारे आणि तिसऱ्या दिवशी जास्त जहाल काहीतरी मारणारे, या दोघांनाही त्याचा खरा गुण कळत नाही.

एवढं निरीक्षण करायला वेळ कोणाला आहे, हा शेवटचा आणि सर्वांत मानवी आक्षेप. खरं तर वेळ फार लागत नाही. लागते ती नोंद. एक वही असावी आणि तिच्यात तीन गोष्टी लिहाव्यात: कधी पेरलं, कधी काय दिसलं, कधी काय केलं. टोमॅटोच्या काळ्या बुडाच्या बाबतीत झाली तशी फसगत वहीशिवाय टळत नाही, कारण झाड आपोआप सावरलं की उपायाने सावरलं हे आठवणीवरून ठरवता येत नाही. शक्य असेल तेव्हा चार कुंड्यांपैकी दोनवर उपाय करावा आणि दोन तशाच ठेवाव्यात. चारही सावरल्या तर उपायाचं श्रेय काढून घ्यावं. पेरणीही एकदम न करता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, थोडी-थोडी करावी, म्हणजे एक फेर बुडाला तरी सगळं बुडत नाही. बी जुनं असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत; कांद्याचं बी तर वर्षभरातच दम सोडतं, आणि न उगवलेल्या वाफ्याचा दोष मातीला दिला जातो.

या पावसाळ्यात भेंडीच्या एखाद्या झाडावर पिवळ्या शिरा दिसल्या तर दुकानाकडे जाऊ नका. झाड उपटा, वहीत तारीख लिहा, शेजारच्या झाडांच्या पानांची खालची बाजू पाहा, माती मोकळी करून त्यात मूठभर कुजलेलं खत मिसळा आणि त्याच कुंडीत माठ पेरा. तो महिन्याभरात भाजीला येतो.